धर्मपालची कासवं

सोलापूरच्या बुधवार पेठेतला धर्मपाल नवी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करायचा. वय त्रेचाळीस, आवाज हळू, बोलणं मोजकं. गिऱ्हाइकाला वरची ओळ वाचायला सांगून तो मागे हात बांधून उभा राहायचा. गिऱ्हाईक चुकलं तरी चेहऱ्यावर काही दाखवायचा नाही. घरात आई केसरबाई, बायको चैताली आणि एक मुलगी. चैताली प्राथमिक शाळेत शिकवायची. अशा माणसाला कसलं व्यसन असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण होतं. सप्तद्वीप नावाच्या पत्त्यांच्या खेळाचं.

हे पत्ते नेहमीचे बावन्न नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एखादा प्राणी नाहीतर योद्धा आणि खाली त्याची ताकद. बंद पाकिटं विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. निघालेल्या पत्त्यांतून प्रत्येकानं आपापली गड्डी बांधायची आणि समोरच्याशी लढायचं. दर चार महिन्यांनी कंपनी नव्या पत्त्यांचा सेट काढायची. पूर्वभागात कुमारचं टॉवेलचं दुकान होतं, त्याच्या माडीवर दर रविवारी दहा-बारा जण खेळायला जमायचे. सगळे कमावते, पोराबाळांचे. दोघांना तर टक्कल पडलेलं.

माडीवर धर्मपालचं नाव होतं ते हरण्यासाठी. त्याची गड्डी कासवांची. कासव म्हणजे सगळ्या खेळातला फालतू पत्ता. मार खायची ताकद नऊ, मारायची शून्य. समोरचा थकेपर्यंत धर्मपालची कासवं मार खात बसायची आणि शेवटी मरायची. कुणाच्या पाकिटात कासव निघालं की तो ते न बघताच धर्मपालकडं सरकवायचा. सहा वर्षांत त्याच्याकडं तीनशेच्या वर कासवं जमली. चपलांच्या रिकाम्या खोक्यांत तो ती नीट लावून ठेवायचा. कासवंच का, असं कुमारनं एकदा विचारलं होतं. धर्मपाल विचार करून म्हणाला होता की कुणीतरी त्यांना खेळवायला पाहिजे की.

यंदा उन्हाळ्यात 'पाताळ' नावाचा सेट येणार असल्याचं जाहीर झालं. महिनाभर आधीपासून कंपनी रोज सकाळी अकराला त्यातला एकेक पत्ता मोबाईलवर दाखवायची. आणि अशी बातमी फुटली की त्यात कासवांची राणी आहे.

तेव्हापासून धर्मपालचं लक्ष उडालं. रोज अकराला तो दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन मोबाईल बघायचा. एक दिवस मगर आली, एक दिवस आंधळा नावाडी, एक दिवस नुसतीच गुहा, समोरच्याचा पत्ता गिळून टाकणारी. राणी काही येईना. एका निवृत्त मास्तरांना त्यानं डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या डोळ्याला लिहून दिला. मास्तर दोन दिवस जिने चाचपत उतरले आणि मग तक्रार घेऊन आले. घरी जेवताना त्याचा एक हात ताटात आणि एक मोबाईलवर असायचा.

चैतालीला थट्टेसाठी एवढं पुरे होतं. शेजारीण आली की ती सांगायची, आमच्याकडं आनंदाची बातमी आहे, कासव होणार आहे. एकदा रात्री जेवताना ती सासूला म्हणाली, "आई, आपल्या पोरीच्या वेळी ह्यांनी दवाखान्यात एवढ्या येरझाऱ्या घातल्या होत्या का हो?" केसरबाईंनी आठवून सांगितलं की न्हाय, तवा तो बाकावर झोपला होता. धर्मपाल हसला आणि पुन्हा मोबाईलकडं वळला.

चोविसाव्या दिवशी राणी आली. ती पटावर असेपर्यंत प्रत्येक कासवाची मार खायची जेवढी ताकद, तेवढीच मारायची. म्हणजे नऊ. धर्मपालनं बोळातच दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

दुपारपासून दुकानात गर्दी झाली. सगळ्यात आधी कुमार आला. हल्ली डोळे चुरचुरतात, म्हणाला. धर्मपालनं त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला लावला. कुमारनं शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली आणि मग, सहज आठवल्यासारखं, विचारलं की ती जुनी कासवं अजून आहेत का. दोन दिवसांत माडीवरच्या सात जणांचे डोळे चुरचुरले. एकालाही नंबर निघाला नाही. धर्मपालनं प्रत्येकाला दहा-दहा कासवं परत दिली. कुणी कधी कुठली दिली होती हे त्याच्या ध्यानात होतं, पण त्यानं बोलून दाखवलं नाही. चैतालीनं मात्र आपल्या नवऱ्याइतका भोळा माणूस सोलापुरात दुसरा न्हाय, असं दोनदा ऐकवलं.

सेट आला त्या शनिवारी दोघं स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी पाकिटं फोडायला बसली. धर्मपाल एकेक पाकीट कात्रीनं हळूच कापायचा. मगरी निघाल्या, गुहा निघाल्या, नावाडी तर पाच निघाले. राणी नाही. शेवटचं पाकीट राहिलं तेव्हा त्याचा हात थांबला. चैतालीनं ते त्याच्यापुढून उचललं आणि दातानं फाडलं.

राणी आत होती.

धर्मपालनं हात पुढं केला. चैतालीनं पत्ता पदराआड घेतला.

"ही माझी," ती म्हणाली. "पाकीट मी फोडलंय."

त्याला वाटलं, चाललीय नेहमीची थट्टा. तो हात तसाच धरून राहिला. मग तिच्या तोंडाकडं बघितल्यावर त्यानं हात मागं घेतला.

"सहा वर्षं झाली," चैताली म्हणाली. "दर रविवारी तुमी माडीवर जाता. एकदा तरी म्हणालात का, ये, बस माझ्यासमोर?"

धर्मपालनं कात्री मिटून बाजूला ठेवली. तुला हे पोरकट वाटतं असं मला वाटलं होतं, असं त्यानं सांगितलं. पोरकट तर आहेच की, ती म्हणाली. मग तो उठला, कपाटावरची खोकी उतरवली आणि तिच्यासमोर जमिनीवर कासवं मांडायला लागला. त्या संध्याकाळी दोघं अकरा डाव खेळली. शेवटचे तीन तिनं जिंकले.

रविवारी माडीवर चैताली राणी आणि उरलेली सगळी चांगली कासवं घेऊन बसली. धर्मपालनं पाच नावाडी आणि मगरी अशी काहीतरी गड्डी बांधली होती, ती पहिल्याच फेरीत बुडाली. मग तो चैतालीच्या मागं स्टूल घेऊन बसला. तिच्या खेळीला श्वास रोखून धरायचा आणि बोलायचं नाही म्हणून ओठ दाबून धरायचा. तिनं दोन जणांना हरवलं. तिसऱ्या डावात कुमारनं तिची राणी उचलून गुहेत टाकली आणि कासवं पुन्हा नुसती मार खात बसली.

परतताना स्कूटरनं अशोक चौक ओलांडला. मागं बसलेली चैताली म्हणाली की राणी इतक्या लवकर काढायलाच नको होती. धर्मपालनं मान मागं वळवून सांगितलं की काढायची बरोबर होती, पण आधी गुहा झाकायला हवी होती. गुहा झाकली असती तर कासवांना पुढं कोण आणणार होतं, तिनं विचारलं. घराची गल्ली मागं राहिली, पुढच्या वळणावरून परत यावं लागलं, तरी वाद मिटला नाही.

आवाज ऐकून केसरबाईंनी दार उघडलं. कशावरनं भांडताय, असं त्यांनी विचारलं, आणि दोघंही एकदम सांगायला लागली.