हॉर्नचा रिले

ज्ञानदेवने सातव्यांदा चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, खर्र खर्र करत राहिला, आणि गाडी काही उठली नाही. त्याने स्टिअरिंगच्या मध्यावर मूठ आपटली. हॉर्न तेवढा खणखणीत वाजला.

“अहो,” तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तानुबाई ओणवी झाली, “साडेनऊ होत आले. रिक्षा बघू का?”

“रिक्षाचं नाव काढू नकोस!”

ती आत गेली. गेल्या पाच दिवसांत तिने रिक्षाचं नाव चौथ्यांदा काढलं होतं. पाच दिवसांपूर्वी आम्रपालीला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, पिंपरीच्या हॉस्पिटलात मुलगी झाली. आज अकराला बाळ-बाळंतिणीला घरी सोडणार होते. जावई संघर्ष रात्रपाळी संपवून थेट तिकडे कागदपत्रं करायला गेला होता. घरी आणायचं काम ज्ञानदेवचं. सत्तावीस वर्षांपूर्वी आम्रपाली जन्मली तेव्हा त्याने तिला मागून आणलेल्या टेम्पोत, डिझेलच्या वासात, ऑइलच्या डब्यांशेजारी बसून घरी आणलं होतं. ते त्याला अजून टोचायचं. नात माझ्या गाडीतून येईल, हे त्याने भोसरीतल्या निम्म्या माणसांना सांगून ठेवलं होतं.

आणि आता ही गाडी! वीस वर्षं जिला पोरीसारखं पुसलं, ती नेमकी आज रुसून बसली. ज्ञानदेवने आयुष्याची एकतीस वर्षं इंजिनं जोडण्यात घालवली होती. मेलेली इंजिनं कानाने ओळखणारा माणूस, अशी कंपनीत त्याची ख्याती होती. नाकावर राग असणारा माणूस, अशी त्याहून मोठी.

त्याने बॉनेट उघडलं. सेल्फ दणकून फिरतोय म्हणजे बॅटरीला दोष नाही. मग करंट नाही, नाहीतर पेट्रोल नाही. प्लगचा पाना घ्यायला त्याने टूलबॉक्सचा वरचा कप्पा उचलला. खाली काळ्या टेपचा गुंडाळा होता आणि त्याच्याखाली डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून दिलेला कागद चौघडी करून ठेवलेला. त्याने पाना घेतला आणि कप्पा आपटून बसवला.

प्लग काढून झाला, पण ठिणगी बघायची तर चावी फिरवायला दुसरा माणूस हवा. नेमका तेव्हाच रंगराव दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत आला. समोरच्या खोलीत राहणारा लातूरकडचा माणूस, दुपारपाळीला जाणारा. ज्ञानदेव पंधरा दिवस त्याच्याशी बोलत नव्हता. गाडीच्या डाव्या दारावर हातभर ओरखडा आला होता आणि ज्ञानदेवने तो रंगरावच्या मोटरसायकलच्या माथी मारला होता. चारचौघांत, मोठ्या आवाजात.

“काका, मदत करू का?”

अडला हरी, दुसरं काय. “बस आत. मी सांगितलं की चावी फिरव.”

रंगरावने चावी फिरवली. इंजिनाच्या लोखंडाला टेकवलेल्या प्लगच्या टोकावर निळी, दणदणीत ठिणगी उडाली.

“करंट आहे,” ज्ञानदेव म्हणाला.

“मग पेट्रोल संपलं असंल.”

“अर्धी टाकी भरलेली आहे! परवाच टाकलंय. मला शिकवतोस?”

“शिकवत न्हाई काका, विचारायलो.” रंगराव उतरला. दुधाची पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली. “एक बोलू का? माझी गाडी रोज तुमच्या उजव्या बाजूला लागती. ओरखडा डाव्या बाजूला हाय.”

“जा तू. दूध नासेल.”

रंगराव गेला. ज्ञानदेवने प्लग परत बसवला. तो गरजेपेक्षा जास्तच आवळला गेला. रागानेच, त्याच्या मते.

मग त्याने खरी तपासणी केली. चावी अर्धी फिरवून ठेवली आणि मागच्या सीटवर कान टेकवला. टाकीतला पंप या वेळी दोन सेकंद गुणगुणतो. आज तिथे काहीच नव्हतं. पंपाचा फ्यूज शाबूत निघाला. राहिला रिले. बॉनेटखालच्या पेटीत काडेपेटीहून लहान असे काळे ठोकळे ओळीने बसवलेले असतात. त्यातला एक पंपाला वीज सोडतो. त्याने पेटीचं झाकण काढलं.

पंपाचा रिले जागेवर नव्हता.

चोरी! इतकी वर्षं जी शिवी तोंडात बसली होती ती बाहेर आली. ज्ञानदेव आणखी खाली वाकला, आणि दुसरी शिवी घशातच राहिली. रिलेच्या रिकाम्या जागेवर काळी टेप लावलेली होती. चौकोनी, कात्रीने कापलेली, आत धूळपाणी जाऊ नये म्हणून चारी कडा दाबून बसवलेली. रिकाम्या जागेला टेप लावून जाणारा चोर काही त्याने पाहिला नव्हता.

तानुबाईने एकोणीस वर्षं चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत काम केलं होतं. तिथल्या बायकांना एक सवय लागते. जोड दाबायचा, टक् आवाज ऐकायचा, मग ओढून बघायचा. जिथे काही बसवायचं नाही ती जागा झाकायची. ही सवय तिने घरीही आणली होती. गॅसची नळी ओढून बघायची, कुलूप तीनदा ओढून बघायची, आणि ज्ञानदेव दर वेळी जिन्यात खोळंबून करवादायचा. “मी इंजिनं जोडली, तू वायरी वळल्यास,” हे तर त्याचं ठरलेलं वाक्य. आणि त्या वायरी वळणारीने त्याची गाडी एका ठोकळ्यात बंद पाडली होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला आंधळा ठरवते? तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून चोरून? तसं तोंडावर ती बोलली होती, गाडी आता चालवू नका म्हणून, दोनदा. दोन्ही वेळा त्याने ताट सरकवून दिलं होतं. आणि टेप टूलबॉक्सात डोळ्यांच्या डॉक्टरच्या त्या कागदावरच असते, म्हणजे तोही तिने वाचला असणार, हे त्याला आठवलं. त्याने वर पाहिलं. गॅलरीत तानुबाई बाळाची दुपटी झटकून घडी करत होती. खाली बघत नव्हती.

“बघतोच,” ज्ञानदेव पुटपुटला.

हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले एकाच मापाचे असतात. हे काही फक्त वायरी वळणाऱ्यांनाच ठाऊक असतं असं नाही. त्याने टेप उचकटली, हॉर्नचा ठोकळा उपसला आणि पंपाच्या जागी दाबला. टक्. हॉर्नवाचून काय अडतंय, गाडी काही हॉर्नवर चालत नाही.

चावी फिरवताच गाडी उठली. एका दमात, तरण्या इंजिनासारखी. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी त्याने रेस दिली आणि विजयी वीरासारखा गाडी फाटकाकडे घेऊन निघाला. तानुबाईला आता इथूनच हाक मारायची, उतर म्हणावं खाली.

फाटकापाशी सवयीने त्याचा तळहात हॉर्नवर गेला. तो तिथे नेहमीच वाजवायचा. गल्लीत, चौकात, बाजारात, वाजवला की समोरचं आपोआप बाजूला व्हायचं. आज काहीच वाजलं नाही. त्याने पुन्हा दाबला.

डावीकडून बॉनेटवर धाडकन खराट्याचा दांडा बसला.

“ओ! थांबा की! आंगावर घालताय व्हय?”

त्याने ब्रेक दाबला. सोसायटी झाडणारी अंबुबाई फाटकाच्या खांबाला पाठ लावून उभी होती, गाडीपासून वीतभर अंतरावर. ती कुठून आली ते त्याला कळलंच नाही. मान पूर्ण वळवली तेव्हा ती दिसली, तिच्यामागचा खांब दिसला, आणि खांबावर दाराच्या उंचीला लागलेला पांढरा रंगही दिसला. त्याच्या गाडीचा.

“मघापासनं हितंच झाडतीया,” अंबुबाई म्हणाली. तिचा हात छातीवर होता. “दिसली न्हाई का मी?”

ज्ञानदेवने तोंड उघडलं. रस्त्यात झाडू मारतात का, फाटक तुझ्या बापाचं का, असलं सगळं जिभेवर तयार होतं. “लागलं का कुठं?” एवढंच बाहेर आलं.

“न्हाई लागलं. लागलं आस्तं.”

गाडी मागे घेताना तो तीनदा थांबला. जागेवर लावून त्याने बॉनेट उघडलं, हॉर्नचा रिले काढून हॉर्नच्या जागी बसवला आणि बोटाला चिकटवून ठेवलेली टेप रिकाम्या जागेवर पुन्हा लावली. चारी कडा अंगठ्याने दाबल्या. पेटीचं झाकण बसवलं, आणि कुणी बघत नाही अशी खात्री करून ते एकदा ओढून पाहिलं.

वर तानुबाई पिशवी भरून दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. गॅलरीतून फाटक सरळ दिसतं.

“होत नाही चालू,” ज्ञानदेव म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

“जुनी गाडी आहे. एवढं बघायला काय झालं? रिक्षा बोलाव. पोरगी तिकडं वाट बघत असेल!”

“बरं,” ती म्हणाली.

तिने कुलूप लावलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. ज्ञानदेव जिन्यात उभा राहिला आणि तिसऱ्यांदा ओढून होईपर्यंत काही बोलला नाही.

रिक्षा फाटकाकडे वळली तसा तो पुढे वाकून चालकावर खेकसला, “ए, डावीकडं खांब आहे! बघून काढ!”

“दिसतोय की, काका.”

शेजारी तानुबाईने मांडीवरची दुपटी सारखी केली.

“तुला दिसतोय ना? मग झालं,” ज्ञानदेव म्हणाला आणि दांड्याला धरून मागे टेकला.