समक्ष भेटीची अट

१७ मार्च २०२५, सोमवार, सकाळचे साडेदहा. दोन जिल्ह्यांच्या दूध संघाच्या सातारा कार्यालयात बैठकीच्या टेबलाभोवती नऊ माणसे होती आणि अंजनाला त्यांपैकी एकाचाच चेहरा पाहायचा होता.

तो प्रशासन अधिकारी भाऊसोंचा. गावोगावच्या संस्थेतला दूध थंड करणारा कूलर बिघडला, तर मेकॅनिक पाठवण्याची मंजुरी त्यांची. आणि अट एकच, सचिवाने समक्ष येऊन भेटायचे. त्यांच्या दाराबाहेर ताटकळल्याशिवाय कोणाचा कूलर सुरू झाला नव्हता. अंजनाचे वडील बिरदेव आटपाडीकडच्या एका संस्थेचे सचिव होते. मेंढरे विकून गायी घेतलेली माणसे त्यांच्या भरवशावर दूध घालत. एका उन्हाळ्यात ते असेच दिवसभर बसून राहिले आणि तिकडे गावाचे दूध नासले. "मेंढरामागं फिरणारी माणसं तुमी, डेअरी काय चालिवणार?" भाऊसोंचे एवढे ऐकून बिरदेव परतले, ते संस्थेत पुन्हा गेले नाहीत. शाळकरी अंजना तेव्हा त्यांचा हात धरून उभी होती.

आता ती संघाच्या संगणक विभागाची प्रमुख होती.

"तक्रार मोबाईलवर येईल आणि जवळच्या मेकॅनिकला जाईल," ती म्हणाली. "एकदम सगळीकडे नको. आधी फक्त आष्टा. दर शनिवारी चुका दुरुस्त करू, मग पुढचं गाव."

"आन् माझी मंजुरी?" भाऊसो हसले. "आवं चेअरमन, काँप्युटरवाल्यांनी प्रिंटरची शाई बदलावी. संघ आमी चालिवतोय."

टेबलाभोवती हशा पिकला. अंजनाही हसली.

"पहिला टप्पा तुमचाच ठेवलाय, साहेब. वीस मिनिटांत मोबाईलवर मंजुरी द्यायची. नाही दिली, तर तक्रार आपोआप पुढे जाईल."

"दूध कुणासाठी थांबत न्हाई, भाऊसो," चेअरमन रविराज म्हणाले. ठराव झाला.

तो टप्पा तिने पूर्ण विचाराने ठेवला होता. काढून टाकला असता, तर भाऊसो अन्यायाचे गाऱ्हाणे घेऊन दोन्ही जिल्हे हिंडले असते. मोबाईलवर मंजुरी कशी द्यायची ते शिकवायच्या दिवशी भाऊसो येणार नाहीत, हेही तिला ठाऊक होते. मोबाईलवर काम करणे त्यांच्या लेखी शिपायाचे होते.

पहिल्या आठवड्यात आष्ट्याची तक्रार दूरच्या खंडाळ्याच्या मेकॅनिकला गेली. "ताई, त्यो काय हेलिकॉप्टरनं येणार व्हय?" आष्ट्याचा सचिव कृष्णात याने फोनवर विचारले. शनिवारी विभागाने ती चूक दुरुस्त केली. पुढच्या वेळी त्याचाच फोन आला. "च्या पिऊन येतोय तवर मेकॅनिक दारात! लय झ्याक!" जूनपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या संस्था जोडल्या गेल्या.

मग एका दुपारी भाऊसो संगणक विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. आत येण्यासाठी त्यांनी प्रथमच परवानगी विचारली.

"माझ्याकडं आता कुणी फिरकत न्हाई, अंजनाबाई. चेअरमनबी माझं टेबल दुसऱ्याला द्यायचं म्हणत्यात. ते मंजुरीचं जरा शिकवा की."

"मी बिरदेवची मुलगी, साहेब. आटपाडीकडच्या."

भाऊसोंनी कपाळाला आठ्या घातल्या. खूप आठवून पाहिले.

"कोण बिरदेव?"

खुर्ची पुढे करून अंजनाने त्यांना बसवले आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

तीन महिन्यांत आलेल्या तक्रारी : २१४. भाऊसोंनी मंजूर केलेल्या : ०.