तांबीचं चाटण

माझ्या धाकट्या दिराला, विश्वजीतला, जनावरांची माया कधीच नव्हती. तोच माणूस एका सकाळी मोटरसायकलवरून उतरला, मागे जनावरांचा डॉक्टर आणि हातात मिनरल मिक्श्चरची पिशवी. बगळा ध्यानाला बसला की माशांनी सावध व्हावं, एवढं मला कळतं.

वारज्यातली आमची शेती फ्लॅटखाली गेली होती. उरला होता गोठा आणि पुढचं अंगण, तेही सासूबाईंच्या नावावर. नवरा गेल्यापासून मी त्याच गोठ्यावर जगत होते. इकडे आयटीतल्या पोरांना घरं कमी पडू लागली आणि विश्वजीतला तो तुकडा विकायची स्वप्नं पडू लागली.

पण सासूबाई अडून बसल्या होत्या. आमची कालवड, तांबी, सारखी गोठ्याची भुई चाटायची. भिंतीचे पोपडे, चिखल, काही सोडायची नाही. सासूबाई देवापुढे हात जोडून म्हणायच्या, "मुकं जनावर भुईला धरून हाय. ती भुई सोडंल तवा मी सही करीन." विश्वजीत ओरडून, रुसून थकला. म्हातारीचं खूळ, पण माझ्या कामाचं होतं.

डॉक्टरांनी तांबीच्या गुडघ्यांवरून हात फिरवला. "भुईबिई काही नाही. अंगात खनिजं कमी आहेत. चारायला गवत नाही आणि हॉटेलच्या शिळ्या पावावर वाढवताय. हाडं वाकायला लागलीत. हे रोज आंबोणातून द्या, चाटणं बंद होईल."

"ऐकलंत ना वहिनी? चाटणं बंद होईल," विश्वजीत म्हणाला.

"तुला तिच्या हाडांची काळजी?"

"माझं सोडा. तुम्हाला आहे का?"

मी पिशवी उचलली आणि उकिरड्यावर भिरकावली. त्याने ती आणली, झटकली आणि गव्हाणीशी ठेवली. "एक्स्पायरीला दोन वर्षं आहेत. सावकाश ठरवा."

मेला लबाड. मी ठरवलं, द्यायचंच नाही. तांबी चाटत राहिली. सासूबाई येता-जाता तिला "गुणाची गं बाय" म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे. मग एकदा तिला पाण्यावर सोडली, तर पुढचे पाय लटपटले आणि ती गुडघ्यांवर पडली. पडल्या जागीच माती चाटू लागली. मला माझीच शिसारी आली. माझं वैर विश्वजीतशी होतं, ते तिने का भोगायचं?

त्याच संध्याकाळी मी आंबोणात भुकटी कालवायला बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यानं ती भुई सोडंल?"

"व्हय."

"आन् न्हाई घातलं तर?"

"पाय जातील तिचं."

"मग घाल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दिवाळीच्या आत तांबीने भुई सोडली. विश्वजीत पाळतीवरच होता, लगेच कागद घेऊन आला.

"आत्याबाई, औषधानं झालं ते," मी सासूबाईंना म्हणाले. "तुमास्नी ठाव हाय. सही कशापायी करताय?"

"ठाव हाय. पर देवापुढं बोलले व्हते, भुई सोडली की सही. कशानं सोडंल ते बोलले न्हवते." त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर रेखत सही केली. मला रडूही आलं नाही, नुसता संताप आला. कुणावर काढायचा तेच कळेना.

मी तांबीचं दावं सोडलं आणि विश्वजीतच्या हातात कोंबलं. "पाय सरळ झाल्यात तिचं. आता कुठं उभी करू, ते सांग."

त्याने तिला खालून वर न्याहाळलं, पहिल्यांदाच नीट.

"विकू की," तो म्हणाला. "आता चांगला भाव येईल."