वाजवून पाहिलेले चाक

मी एक जुने चाक आहे. पण मित्रांनो, रस्त्यावर धावताना तुम्ही पाहता तसले नव्हे. मला रबर नाही, हवा नाही, आरे नाहीत. मी एका जीपच्या पोटातले चाक. गॅरेजवाले मला फ्लायव्हील म्हणतात. इंजिन आणि गिअरची पेटी यांच्या मधल्या अंधाऱ्या जागेत माझे घर होते. होते म्हणते, कारण आता तिथे दुसरे कोणी राहते. हे सांगताना अजूनही माझा जळफळाट होतो. तो तुमच्यापासून लपवून काय करू?

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी आकाराला आले. मग यंत्रावर घासून माझे तोंड आरशासारखे गुळगुळीत केले, आणि कडेला दात असलेली एक कडी चढवली. गाडीची किल्ली फिरवली की स्टार्टर आपल्या चिमुकल्या दातांनी ह्याच दातांना ढकलतो. मी फिरू लागते आणि माझ्यामागोमाग सगळे इंजिन जागे होते. तुम्ही भोवरा फिरवला असेल. दोरी सुटली तरी तो काही वेळ आपल्याच भाराने फिरत राहतो. माझेही काम तेच. इंजिन झटक्याझटक्याने चालते. एका झटक्यापासून दुसऱ्या झटक्यापर्यंत त्याला फिरते ठेवायचे, ते माझ्या वजनाने.

एवढे मोठे काम, पण कोणाला दिसते का? माझे मालक मारोतराव. इंझोरी गावाहून तालुक्याच्या गावी, मानोऱ्याला, सकाळी माणसे आणि शाळेची मुले न्यायची, संध्याकाळी आणायची, हा त्यांचा चौदा वर्षांचा धंदा. दर दसऱ्याला त्यांच्या पत्नी चतुराबाई जीपची पूजा करीत. झेंडूची माळ बॉनेटला, हळदीकुंकू दिव्यांना, नारळ टायरापाशी. भोंग्यालासुद्धा एक फूल. तो नुसता ओरडायचा, त्याला फूल. आणि मी फिरून फिरून तापायचे, मला आगपेटीच्या काडीएवढाही मान नाही. प्रत्येक दसऱ्याला मी अंधारात धुमसत बसायचे.

त्यातही माझा खरा हेवा होता क्लच प्लेटवर. ती माझी अगदी जवळची शेजारीण. चालकाने क्लचवरचा पाय उचलला की ती माझ्या तोंडाला येऊन चिकटते आणि माझे फिरणे पुढे चाकांपर्यंत नेते. काही वर्षांनी ती झिजते आणि तिच्या जागी नवी येते. माझ्यासमोर अशा तीन आल्या. नवी आली की मारोतराव दारात उतरल्या उतरल्या सांगायचे, "काय गाडी झाली, मक्खन चालते." मक्खन तिच्यामुळे, आणि मी? मला वाटायचे, या येतात नि जातात. मी मात्र राहते. या एका गोष्टीवर मी मनाचे समाधान करून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात चढावर जीप दम सोडू लागली. इंजिन ओरडायचे आणि गाडी जागची हलायची नाही. मारोतरावांनी ती मानोऱ्याला निजामुद्दीन मिस्त्रींच्या गॅरेजात लावली. दोघांची ओळख जीपइतकीच जुनी. निजामुद्दीन मिस्त्रींची एक पद्धत होती. खर्चाचा अंदाज ते कागदावर देत नसत. गाडीच्या समोरच्या काचेवर आतून खडूने लिहीत आणि पैसे मिळेपर्यंत पुसत नसत, म्हणजे आकडा दोघांच्याही डोळ्यांसमोर राहावा.

"क्लच गेला, मारोतभाऊ. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग," असे म्हणत त्यांनी काचेवर लिहिले, ९०००.

"याच्या वर तर नाही ना जात?"

"आपल्या माणसाले कायले वर लावीन?"

मित्रांनो, चूक इथे झाली. पेटी उतरवल्याशिवाय आत काय निघेल हे कोणालाच माहीत नसते. 'खोलल्यावर आणखी काही निघू शकते' एवढे एक वाक्य मिस्त्रींनी बोलायला हवे होते. आपल्या माणसाला असे काय सांगायचे, म्हणून ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेटी उतरली. कित्येक वर्षांनी मला उजेड दिसला. झिजलेली प्लेट निघाली, तिच्याकडे मी पाहिलेही नाही. पण मिस्त्रींनी हाताने माझे तोंड चाचपले, तापून पडलेले निळे डाग पाहिले आणि एका जागी नख अडकवले. मग त्यांनी मारोतरावांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "चौदा वर्साच्या वळखीचा माणूस. त्याले काय विचारायचं." आणि त्यांनी कारंजाहून एक नवे फ्लायव्हील मागवले.

ते आले तेव्हा तेलकट कागदात गुंडाळलेले होते. कागद फाडून मिस्त्रींनी त्याला माझ्या शेजारी, पोत्यावर ठेवले. काय त्याचे तेज. काय त्याचे दात, एकही झिजलेला नाही. त्याने अजून एक गिरकीसुद्धा मारलेली नव्हती, एकही चढ पाहिलेला नव्हता, आणि त्याला माझे घर मिळणार होते. माझ्या मनात आले, हे पोत्यावरून घरंगळावे, ऐरणीवर आपटावे आणि याला तडा जावा. हो, मी असेच मागितले. हेवा माणसालाच नाही, लोखंडालाही गंजासारखा खातो.

तिसऱ्या दिवशी मारोतराव आणि चतुराबाई जीप न्यायला आले. जोडणी अजून बाकी होती, पण सामान सगळे आले होते, म्हणून मिस्त्रींनी हिशेबाचा कागद हातात दिला. मारोतरावांनी कागद पाहिला. मग काचेवरचा आकडा पाहिला. मग पुन्हा कागद.

"चौदा हजार दोनशे? काचीवर तर नऊ हाये."

"फ्लायव्हील बी बदलाव लागते, भाऊ. जुनं बेकार झालं."

"मले न विचारता आणलं?"

"फोन लावला होता, दोनदा."

"तिसऱ्यांदा लावला असता तर उचलला असता. दोनदा तर रॉंग नंबरवाला बी लावते."

मिस्त्री हसले नाहीत. मारोतरावही हसवायला बोलले नव्हते. ते खाली वाकले आणि त्यांनी माझ्या तोंडावरून हातरुमाल फिरवला. मी झळकले. त्यांचा चेहरा माझ्यात दिसू लागला.

"याले काय धाड भरली? आरसा तर हाये. परवापर्यंत यावरच गाडी चालून राह्यली होती. नवं वापस करा, मिस्त्री, आन हेच बसवा."

काय सांगू तुम्हाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझी बाजू घेतली होती. मी शेजारच्या त्या नव्याकडे पाहिले आणि मनात म्हणाले, जा आता आपल्या कागदात.

"हे मी नाही बसवणार," निजामुद्दीन म्हणाले. "गाडी तुमची हाये, हात माहे हायेत."

"मंग मी दुसरीकडं नेतो. पेटी टाकून द्या गाडीत."

"न्या."

एवढा एक शब्द बोलून मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. चौदा वर्षांची ओळख त्या पान्याबरोबर जमिनीवर पडल्यासारखे मला वाटले. मी मात्र खूश होते. दुसऱ्या गॅरेजात का होईना, मी माझ्या घरात जाणार होते. माझ्या तोंडावर आतल्या बाजूने एक बारीक चीर आहे, हे मला ठाऊक होते. चढावर तापले की ती मला दुखायची. पण ती कोणाला दिसत नव्हती, आणि मी सांगणार नव्हते.

तेव्हा चतुराबाई पुढे झाल्या.

"मिस्त्रीभाऊ, तुमी खोटे हाय असं आमी नाही म्हणत. पण नुसतं बेकार झालं म्हणून कसं चालीन? मी बाजारात मडकं घेतो तं पयले वाजवून पायतो. मंगच पैसे काढतो. हे बी वाजवून दाखवा."

"भाभी, हे तर मीच कराले पायजे होतं," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी इंजिन उचलायच्या साखळीला तार बांधली आणि आधी नव्या चाकाला टांगले. हातोडीच्या लाकडी दांड्याने एकच टोला दिला. ते असे वाजले, मित्रांनो, की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून पाहू लागला. तो स्वर बराच वेळ हवेत राहिला. मत्सराने माझा जीव अर्धा झाला.

मग मला टांगले. मी सगळे बळ एकवटले. एकदाच, एकदाच नीट वाजू दे, एवढेच मनात होते. टोला बसला.

भद्द.

पुन्हा टोला बसला आणि पुन्हा तेच. भेग गेलेल्या मडक्यासारखा तो बसका आवाज ऐकून चतुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "हे मडकं मी फुकट बी नसतं घेतलं," त्या म्हणाल्या.

आता मिस्त्रींनी माझ्या तोंडावर डिझेल चोळले, कापडाने कोरडे पुसले आणि काचेवर आकडा लिहिला होता त्याच खडूची भुकटी माझ्यावर पसरली. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग चिरेत मुरलेले डिझेल हळूहळू वर आले आणि पांढऱ्या भुकटीवर एक ओली, काळी रेघ उमटली. ती एका कडेपासून निघून बोल्टाच्या भोकापर्यंत गेली होती. मी जे लपवले होते ते सगळ्यांसमोर लिहून निघाले.

"हे मिनिटाले दोन-तीन हजार गिरक्या मारते," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "चढावर फुटलं, तं पत्रा फाडून वर येते. वर कोनाचे पाय रायते, तुमीच सांगा."

मारोतरावांच्या शेजारच्या सीटवर रोज सकाळी त्यांची नात संस्कृती बसते. पाय खाली टेकत नाहीत म्हणून ती ते हलवत राहते. हे मलाही माहीत होते, कारण सीटच्या पत्र्यावर आपटणाऱ्या तिच्या टाचांची टकटक मला ऐकू यायची. तडा घेऊन मी त्याच टाचांखाली फिरत होते, आणि पुन्हा तिथेच जायला आतुर झाले होते. साखळीला लटकलेले असताना मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली.

"कायनं झालं हे?" मारोतरावांनी विचारले.

"पायानं. चढावर तुमचा पाय क्लचवर टेकलेला रायते. अर्धा दाबलेला. प्लेट घासते, हे तापते. तापून तापून फाटलं."

"किती डाव सांगतलं," चतुराबाई म्हणाल्या, "घरी बी यांचा पाय जाग्यावर रायत नाही."

आता मात्र मिस्त्री हसले आणि मारोतरावांनाही हसू आवरले नाही. पण चतुराबाईंचे बोलणे संपले नव्हते. "चाक खराब होतं, हे पटलं. पण न विचारता आणलं, हे बी खराबच झालं, भाऊ. दाखवलं असतं, तं आमी नाही म्हटलं असतं का?"

निजामुद्दीन जीपमध्ये चढले. त्यांनी काचेवरचा नऊ हजारांचा आकडा पुसला आणि तेरा हजार पाचशे लिहिला. "चाक बसवाची मजुरी नाही घेत. ते माह्या न विचारन्याचे," ते म्हणाले. "आन आजपासून पेटी खोलली, की आधी गिऱ्हाईक येईन, मंग सामान येईन." मारोतरावांनी पैसे दिले, आणि जमिनीवरचा पाना स्वतः उचलून मिस्त्रींच्या हातात ठेवला.

त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर ते नवे चाक माझ्या घरात बसवले गेले. एकेक बोल्ट आवळला जात होता आणि मी पोत्यावरून पाहत होते. जुना माल भंगारात न टाकता गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा, असा त्या गॅरेजचा रिवाज असल्याने मला जीपच्या मागच्या बाजूला ठेवले. ज्या गाडीला मी चौदा वर्षे ओढले, तिच्यात बसून मी ओझ्यासारखे घरी आले. आणि खरे सांगते, गाडी छान चालत होती.

आता मी इंझोरीत, मारोतरावांच्या अंगणाच्या फाटकाला टेकून असते. वाऱ्याने फाटक उघडून शेळ्या बाहेर जाऊ नयेत, एवढेच माझे काम. माझे दात गंजले आहेत. सकाळी मारोतराव किल्ली फिरवतात, ते नवे चाक एका झटक्यात फिरते आणि मी इथून कान लावून ऐकत राहते. हेवा गेला असे मी म्हणणार नाही. चौदा वर्षांचे घर सुटले की तो इतक्या लवकर जात नाही.

पण मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरी सायकल असो, पंप असो की शिलाईयंत्र, ते चालते आहे एवढ्यावर समाधान मानू नका. अधूनमधून खोलून, पुसून, वाजवून पाहा. कोणाची वस्तू दुरुस्त करत असाल, तर तो कितीही जवळचा असो, हात लावण्याआधी विचारा आणि दाखवा. आणि तुमच्या आत कुठे चीर गेली असेल, तर माझ्यासारखी ती चकाकीखाली लपवू नका. जो सांगतो त्याचे काही तरी करता येते.

सकाळी संस्कृती धावत येते, माझ्यावर एक पाय देऊन फाटक ओलांडते आणि पुढच्या सीटवर चढते. जीप मानोऱ्याच्या चढाकडे वळते. संध्याकाळी ती परत येईपर्यंत मी त्या नव्या चाकासाठी देवाकडे एकच मागते, की त्याला कधी तडा जाऊ नये.