बनूबाईचा उंबरा

"तो उंबरा काढून टाक," महेश म्हणाला. "तुझंच शून्य ठेवू."

मिलिंदचा हात माऊसवरच थबकला. कित्येक वर्षं हेच वाक्य ऐकायला त्याचे कान आसुसले होते. आता ऐकल्यावर मात्र म्हणावा तसा आनंद होईना.

मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात मिलिंद स्टोअर सांभाळायचा, महेश मशिनं दुरुस्त करायचा. उल्हास नदी चढू लागली की मोबाइलवर इशारा देणारा प्रोग्राम दोघांनी सुट्टीच्या दिवशी बसून लिहिला होता. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट वापरावा, हवा तसा बदलावा. बदलला महेशनेच. पाणी सरकारी मोजपट्टीच्या शून्यापासून, मीटरमध्येच मोजायचं, हा मिलिंदचा हट्ट. महेश नदीकाठच्या मांजर्लीचा, तिथे पाणी उंबऱ्यावरून मोजत. त्याने आपल्या आईच्या, बनूबाईच्या घराचा उंबरा शून्य धरला आणि पाणी त्याच्या किती हात खाली आहे ते दाखवणारा वेगळा प्रोग्राम काढला. "नदी काय तुझ्या आईच्या दारात बांधलीय?" असं मिलिंद बोलून गेला. त्यानंतर दोघांत नटबोल्टपुरतंच बोलणं उरलं.

मागच्या पावसाळ्यात एक प्रोग्राम मीटर सांगत होता, दुसरा हात. मांजर्लीकरांनी दोन्हींवरचा विश्वास सोडला आणि त्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या. शेवटी मिलिंदच्या बायकोनेच, अस्मितानेच, महेशला आज रविवारी अंबरनाथच्या घरी जेवायला बोलावलं. दोन्ही कोड एक करायचे ठरले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशी एका नदीला दोन शून्यं कशी चालणार?

"अरे, पण तुमच्याकडच्या लोकांना हातच समजतात," मिलिंद म्हणाला. एवढी वर्षं महेश जे सांगत होता, ते आज मिलिंद सांगत होता.

"समजायचे. आता सगळे बिल्डिंगमध्ये गेले. आमचं घर पण मार्चमध्ये तोडलं. उंबराच नाय, तर मोजू कुठून?"

मिलिंदने बटण दाबलं. महेशच्या ओळी लाल झाल्या आणि गेल्या. महेशने त्या शेवटपर्यंत पाहिल्या, मग अस्मितावहिनीकडे पाणी मागितलं. मिलिंदला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला वाईट वाटलं.

सकाळपासून पाऊस लागून होता. ताटं वाढेपर्यंत महेशचा फोन वाजला. नव्या घरातून, चौथ्या मजल्यावरून बनूबाई बोलत होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"बाला, पानी उंबऱ्यापासून किती खाली हाय रं?"

महेशने स्क्रीनवरचे मीटर पाहिले. मनातल्या मनात काहीतरी जुळवलं.

"पाच हात, आई. तू जेवून घे."

मिलिंदने आकडा पडताळून पाहिला नाही. लॅपटॉप मिटला आणि तो महेशशेजारी जेवायला बसला.