फण्यांचा कारखाना

"साहेबांना एवढंच सांग, आपण शिंगाच्या फण्या करतो," असं म्हणत त्र्यंबककाका प्लॅस्टिकच्या साबणदाण्या गोणपाटाखाली ढकलू लागले.

अण्णांना जाऊन महिना झाला होता. कळव्याचा कारखाना आता त्यांची मुलगी मंदाकिनी आणि अण्णांचे भागीदार त्र्यंबककाका यांचा होता. तो कोणत्या धंद्यात मोडतो, हे आज सरकारी साहेब ठरवणार होते. प्लॅस्टिकवाल्यांत नोंद झाली, तरच पुढे साच्यांत घालायची परदेशी प्लॅस्टिक पावडर मिळणार होती. मग काकांची ही लपवाछपवी कशासाठी? त्यांच्या जावयाने ठाण्यात नुकताच प्लॅस्टिकचाच कारखाना काढलेला, हे तिच्या मनातून जाईना.

"काका, आपल्या वाट्याची पावडर जावयाकडे वळवायचीय का?"

"अगं, काय बोलतेस! अण्णांचीच इच्छा होती. प्लॅस्टिकवाल्यांच्या कायद्यांची कटकट नको म्हणायचे."

अण्णा तसं म्हणालेही असतील. आता विचारायचं कोणाला?

तेवढ्यात साहेब आत आले. "काय बनवता?"

"फण्या," काका चटकन म्हणाले.

मंदाकिनीने गोणपाट ओढलं आणि एक साबणदाणी साहेबांच्या हाती दिली. त्यांनी ती दाबून पाहिली, कडेची साच्याची रेघ बोटाने चाचपली.

"हे तर प्लॅस्टिक!"

"अण्णा असते तर तू असं केलं नसतंस," काका पुटपुटले.

"अण्णा असते तर तुम्हीही केलं नसतंत," ती म्हणाली आणि साहेबांना साचे दाखवायला आत घेऊन गेली.