टेबलावरच पेटणारा दिवा

सुतारकाकांच्या कानांनी केव्हाच संप पुकारला होता, तरी त्यांनी रंधा काही खाली ठेवला नव्हता. पण एकदा करवतीचं यंत्र चालू असताना एका गिऱ्हाइकाने मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काका दचकले, फळी निसटली आणि बोट थोडक्यात वाचलं. त्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीतल्या कारखान्याला कुलूप लावलं आणि खुर्चीत येऊन बसले. खुर्चीतला हा माणूस काकूंना बघवेना.

काकूंनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्मभर माणसाला माणूस जोडून दिला होता. निवृत्त झाल्यावर त्यांना प्रोग्रॅम भरला की सांगितलेलं काम करणाऱ्या, काडेपेटीएवढ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांचा नाद लागला. फ्रिजचं दार उघडं राहिलं की केकाटणारा भोंगा त्यांचाच, आणि त्याने घरादाराचं डोकं खाल्लं होतं. आता मात्र त्यांनी कंबर कसली. कारखान्याचं दार उघडलं की करवतीसमोर लाल दिवा लागेल, मागून कोणी आल्याचं काकांना आधीच कळेल. एवढं जमलं की कुलूप निघेल, अशी त्यांची खात्री होती.

जेवणाच्या टेबलावर, कॉम्प्युटरला जोडल्यावर दिवा झकास लागला. कुलूप उघडून कारखान्यात नेला, मोबाइलच्या चार्जरवर लावला, तर ढिम्म! काकूंनी चार्जर बदलला, तारा बदलल्या, सोल्डरिंग नव्याने केलं. टेबलावर आणला की पठ्ठ्या लगेच पेटे, कारखान्यात नेला की पुन्हा मुका. काकूंनी हात टेकले.

"तुझ्या माहेरचा दिसतोय," काका म्हणाले. "तुझ्याजवळच तोंड उघडतो."

"अहो, थट्टा पुरे, इकडे बसा." काकू त्यांच्याकडे तोंड करून बोलल्या, कारण काकांना ओठांवरचं छान वाचता येई. "तुम्हाला प्रोग्रॅम मोठ्यांदा समजावून सांगते, म्हणजे माझी चूक मलाच कळेल."

"मोठ्यांदा कशाला? मला काय फरक पडतो?"

काकू पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवू लागल्या. "ही ओळ सांगते, दिव्याची तार कुठली. ही सांगते, दाराची कुठली. आणि ही सांगते, कॉम्प्युटर जोडला जाईपर्यंत थांबून राहा, तोवर पुढचं काही करू नको..."

बोट तिथेच थांबलं. बोर्डाचे निरोप पडद्यावर दिसावेत म्हणून ती ओळ त्यांनी इंटरनेटवरच्या एका धड्यातून जशीच्या तशी उचलली होती. कारखान्यात कुठला आलाय कॉम्प्युटर? बिचारा बोर्ड तिथे नुसता वाट बघत बसला होता.

"म्हणजे तो इमानदारीत तुझंच ऐकत होता!" काका खो खो हसले. असे ते कितीतरी दिवसांत हसले नव्हते. स्वतःच्या वेंधळेपणाचं वाईट वाटायचं सोडून काकूंना बरंच वाटलं.

काकूंनी ओळ काढली, काकांनी आपल्या हाताने कुलूप काढलं आणि बोर्ड पुन्हा जागेवर बसला. काका आत करवतीपाशी गेले आणि काकू दार लावून बाहेर थांबल्या. करवत सुरू झाल्याचा आवाज आला, तसं त्यांनी दार ढकललं.

दाराकडे काकांची पाठ होती. समोर दिवा लागला. काकांनी फळी मागे घेतली, यंत्र बंद केलं आणि सावकाश वळले. दचकले अजिबात नाहीत.

"बोल," ते म्हणाले.

"सहजच आले," म्हणत काकूंनी बाहेर जाऊन दार लावलं आणि लगेच पुन्हा उघडलं.

"अगं, कळलं! आता काम करू देशील की नाही?" काका खेकसले.

काकूंचा जीव भांड्यात पडला. दार ओढून घेऊन त्या बाहेरच उभ्या राहिल्या, करवत पुन्हा सुरू होईपर्यंत.